‘द एक्स्पेंडेबल्स’: अस्सल लढवय्ये आणि थरथरता कॅमेरा

पोस्टरवर नावांची एवढी लांब यादी दिसली की पहिली शंका येते ती खोगीरभरतीची. सिल्व्हेस्टर स्टॅलोन, जेसन स्टॅथम, जेट ली, डॉल्फ लुंडग्रेन, रँडी कुटूर, टेरी क्रूज, मिकी रुर्क, स्टीव्ह ऑस्टिन, एरिक रॉबर्ट्स. २०१० साली आलेल्या ‘द एक्स्पेंडेबल्स’बाबत ती शंका अर्धीच खरी ठरते. माणसं नेमकी निवडली आहेत. चूक झाली आहे ती त्यांना दाखवण्यात.

या माणसांची जमेची बाजू आधी नीट पाहू. लुंडग्रेन १९८० आणि १९८१ साली क्योकुशिन कराटेमध्ये युरोपचा विजेता होता. जेट ली लहान वयातच वूशू या चिनी युद्धकलेत चीनचा राष्ट्रीय विजेता झाला. कुटूरकडे यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्स स्पर्धेतले हेवीवेट आणि लाइट हेवीवेट असे दोन्ही गटांतले किताब आहेत. क्रूज व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळला आहे, ऑस्टिन कुस्तीच्या रिंगणातून आला आणि खलनायकाच्या गोटातला गॅरी डॅनियल्स किकबॉक्सर आहे. स्टॅथम १९९०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडकडून सूर मारण्याच्या प्रकारात उतरला होता. तोल, उडी आणि पडणं त्याच्या अंगात मुरलेलं आहे. मारामारीच्या चित्रपटात नटाला लढता येत नसेल, तर त्याच्या जागी स्टंट करणारा उभा करावा लागतो, चेहरा लपवावा लागतो आणि फटका तुकड्यातुकड्यांत जोडावा लागतो. इथे यातलं काहीच करायची गरज नव्हती. तरीही नेमकं तेच केलं गेलं आहे, आणि या चित्रपटाबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच आहे.

कथा थोडक्यात सांगून होते. भाडोत्री लढवय्यांची एक टोळी, म्होरक्या बार्नी रॉस (स्टॅलोन). व्हिलेना नावाच्या काल्पनिक बेटावरचा जनरल गार्झा उलथवण्याचं काम त्यांच्याकडे येतं. जनरलला खेळवणारा खरा सूत्रधार मनरो हा सीआयएतून फुटलेला माणूस आहे. बेटावर भेटलेली सँड्रा ही जनरलचीच मुलगी निघते, पण ती बापाच्या विरोधात आहे. टेहळणीला गेलेला बार्नी एकदा निसटतो आणि मग तिच्यासाठी परत जातो. १०३ मिनिटांच्या चित्रपटाला एवढी कथा पुरते, त्यामुळे कथेच्या साधेपणाला मी दोष देणार नाही.

सुरुवातही चांगली बांधली आहे. अनेक नायकांच्या चित्रपटात एकेकाला गोळा करण्यात पहिला अर्धा तास जातो. इथे टोळी आधीच तयार आहे आणि एडनच्या आखातात सोमाली चाच्यांच्या जहाजावर आपली तिच्याशी ओळख होते. कोण काय करतो हे त्या एकाच प्रसंगात कळतं. ख्रिसमस (स्टॅथम) चाकू फेकतो. गनर (लुंडग्रेन) सगळ्यांच्या आधी गोळी झाडतो आणि समोरच्या माणसाचं वरचं अर्धं शरीर उडवतो. पुढे तो एका चाच्याला फासावर लटकवायला निघतो, यांग (जेट ली) त्याला अडवतो, आणि गनर टोळीबाहेर का जाणार याचं बीज तिथेच पेरलं जातं. ओळख करून देणाऱ्या प्रसंगानेच पुढच्या फितुरीचं कारणही द्यावं, ही पटकथेतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

पूर्ण चित्रपटात एक प्रसंग निवडायचा तर तो धक्क्यावरचा. बार्नी आणि ख्रिसमस बेटाची टेहळणी करून पळतात. त्यांचं विमान म्हणजे ग्रुमन अल्बट्रॉस, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं जुनं विमान. बार्नी धावत येऊन सुटत्या विमानाचं दार पकडतो. आता ते निघून जाणार असं वाटतं, तोच विमान वळतं. ख्रिसमस नाकाडातून बाहेर येऊन तिथे बसवलेल्या बंदुकांनी धक्का भाजून काढतो, विमान वरून जाताना इंधन सोडतं, आणि फ्लेअर पिस्तुलाच्या एका गोळीने सगळा धक्का पेटतो.

हा प्रसंग का जमला? दिवसाचा उजेड आहे. धक्का लांब आणि सरळ आहे, एका टोकाला जमीन, दुसऱ्या टोकाला पाणी, त्यामुळे कोण कुठे आहे याचा क्षणभरही घोळ होत नाही. कृतीच्या तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी स्वतंत्र दिसते: आधी गोळीबार, मग इंधन, मग आग. इंधन सांडताना दिसतं आणि पुढे काय होणार हे प्रेक्षकाच्या लक्षात येतं. त्या दोन-तीन सेकंदांच्या वाट पाहण्यातच सगळा थरार आहे. शिवाय काम दोघांत वाटलेलं आहे, एक विमान चालवतो आणि दुसरा बंदूक. ही दोन माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, हे कुठल्याही संवादापेक्षा त्या वळणावर जास्त पटतं.

याउलट शेवटच्या अर्ध्या तासात रात्र, धूर आणि काळोखे कपडे. राजवाड्यासाठी रिओ द जानेरोमधली पार्क लाजेची वास्तू वापरली आहे. मधलं अंगण, चारी बाजूंनी कमानी, अशी ही जागा लढाईसाठी अतिशय सोयीची. पण हल्ल्याआधी एकदाही हे अंगण वरून किंवा लांबून शांतपणे दाखवलेलं नाही. गनर राजवाड्याची रचना सांगतो, ती टोळीला कळते, प्रेक्षकाला नाही. पाच जण आत शिरतात, स्फोटकं लावतात, भुयारी वाटेत अडकतात, पुन्हा वर येतात. भुयारातून वर आलेला माणूस अंगणाच्या कुठल्या बाजूला निघाला, जनरल भाषण करतो ती जागा तिथून किती लांब, हे अंदाजानेच ताडावं लागतं.

अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) इथे मापदंड म्हणून धरायला हवा. त्यात सामुराईंचा म्होरक्या काम्बेई गावाचा नकाशा काढतो, कुठल्या बाजूने हल्ला होऊ शकतो ते फिरून पाहतो, आणि चाळीस दरोडेखोरांसाठी कागदावर वर्तुळं काढून मेलेल्यांवर एकेक रेघ मारत जातो. त्यामुळे मुसळधार पावसात, चिखलात, घोड्यांच्या गर्दीतही किती उरले आणि कुठून येणार हे आपल्याला ठाऊक असतं. ‘द एक्स्पेंडेबल्स’मध्ये शत्रूचे सैनिक किती, ते संपत आले की अजून येतायत, याचा काही हिशोबच नाही. मोजदाद नसली की जीव गेल्याचं वजन राहत नाही, आणि टोळी संकटात आहे असंही वाटत नाही.

आता कॅमेरा आणि संकलन. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. एखादा तुकडा १२ चौकटींचा असेल तर तो अर्धा सेकंद दिसतो. प्रत्येक नव्या तुकड्यात डोळ्याला आधी शोधावं लागतं की पाहायचं कुठे. ते शोधून होईपर्यंत फटका लागून गेलेला असतो. त्यात कॅमेरा हातात धरलेला, लांब पल्ल्याची लेन्स आणि चेहऱ्याजवळची चौकट. लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये हाताचा बारीकसा कंपही कितीतरी पटींनी मोठा होतो. गोंधळाची भावना देण्यासाठी ही पद्धत चालते, पण हातापायांचं कौशल्य दाखवायला ती निरुपयोगी आहे. त्यासाठी डोक्यापासून पायापर्यंत माणूस चौकटीत हवा, आणि फटका निघण्यापासून लागेपर्यंतचा प्रवास एकाच तुकड्यात हवा.

याचा सगळ्यात मोठा फटका जेट लीला बसला आहे. गनर आणि यांगची लढत कागदावर चित्रपटातली सर्वोत्तम जोडी आहे. एक साडेसहा फुटांच्या आसपास, दुसरा साडेपाच. एकाची ताकद, दुसऱ्याचा वेग. एक नशेत बेभान, दुसरा शांत. पण उंचीतला फरक दिसायला दोघं एकाच चौकटीत पूर्ण उभे राहायला हवेत, आणि तसे क्षण मोजकेच आहेत. यांगची लाथ कमरेपासून कापली जाते. शेवटी गनर त्याला पाइपवर भोसकायला निघतो आणि बार्नी गोळी झाडतो, तो क्षण मात्र स्पष्ट आहे, कारण तिथे कॅमेऱ्याने थोडा श्वास घेतला आहे. ख्रिसमस आणि यांग मिळून डॅनियल्सशी भिडतात तिथेही हीच रड. तीन कसलेले लढवय्ये एका अरुंद जागेत, आणि दिसतात ते कोपर आणि खांदे.

स्टॅलोन आणि ऑस्टिनच्या झटापटीबद्दल वेगळं सांगायला हवं. हे चित्रीकरण करताना साठी ओलांडलेल्या स्टॅलोनच्या मानेचं हाड मोडलं होतं. आदळण्यातला जडपणा पडद्यावर जाणवतो, आणि तो खरा आहे. एवढी किंमत मोजून मिळवलेलं दृश्य संकलनात बारीक चिरावं, याचं वाईट वाटतं.

रक्ताचाही प्रश्न आहे. बरंचसं रक्त संगणकावर काढलेलं आहे. जुन्या पद्धतीत कपड्याखाली छोटी स्फोटक टिकली आणि रक्ताची पिशवी लावतात. ती फुटली की कापड फाटतं, डाग पडतो आणि पुढच्या दृश्यातही राहतो. वेळ जातो, दर वेळी नवा पोशाख लागतो, म्हणून संगणक सोपा पडतो. पण संगणकातलं रक्त हवेत लाल धूर होऊन विरतं आणि शर्ट कोराच राहतो. ज्या चित्रपटाचा सगळा भर ऐंशीच्या दशकातल्या अस्सल, अंगमेहनतीच्या मारधाडीवर आहे, त्यात ही खोट जास्तच टोचते. स्फोट त्यामानाने भरीव आहेत. राजवाड्याचे खांब एकामागून एक उडतात तेव्हा दगडाचं वजन जाणवतं.

शेवटच्या लढाईत एकच गोष्ट मनापासून आवडते, ती म्हणजे क्रूजची एए-१२ शॉटगन. १२ गेजची ही बंदूक आपोआप, मिनिटाला सुमारे ३०० गोळ्यांच्या वेगाने चालते. २० गोळ्यांचं गोल मॅगझिन त्या वेगाने चार सेकंदांत रिकामं होतं. इतर बंदुकांपेक्षा हा वेग कमी आहे, म्हणूनच प्रत्येक बार वेगळा ऐकू येतो. ध्वनी-मिश्रण करणाऱ्यांनी हे ओळखून त्या आवाजाला जागा दिली आहे. आधी सगळे कोंडीत सापडलेले, गोळ्यांचा एकसुरी कडकडाट, आणि मग हा जड, ठाम ठोका. हेल सीझर या पात्राला संवाद थोडे आहेत, पण या एका हत्याराने तो लक्षात राहतो. पुढे तो तोफगोळा हाताने भिरकावतो आणि बार्नी तो हवेत टिपून हेलिकॉप्टर पाडतो. तिथेही दोघांनी मिळून एक काम केलं आहे. धक्क्याच्या प्रसंगातलं सूत्र इथे पुन्हा सापडतं.

पात्रांना मिळालेला वेळ मात्र विषम आहे. सहा जणांची टोळी, गोंदणाच्या दुकानातला टूल, चार खलनायक, सँड्रा आणि ख्रिसमसची लेसी. वेळ खाल्ला आहे बार्नी आणि ख्रिसमसने. त्यांचं एकमेकांना डिवचणं सहज आहे, आणि ख्रिसमस बास्केटबॉलच्या मैदानावर एकटा टोळक्याला लोळवतो तो प्रसंगही नेटका आहे. पण यांगच्या वाट्याला उंची कमी म्हणून जास्त पैसे हवेत एवढा एकच धागा येतो, आणि टोल रोडच्या वाट्याला त्याच्या चुरगळलेल्या कानाची हकिकत. कुस्तीगिराचा तो कान कुटूरचा स्वतःचाच आहे, त्यामुळे बोलणं खरं वाटतं, पण त्यावर पात्र उभं राहत नाही. सँड्राचा तर छळ होतो, सुटका होते, पुन्हा पळवली जाते. बापाविरुद्ध उभी राहणारी मुलगी ही कथेतली सर्वांत धीट व्यक्ती, आणि तिला निर्णय घ्यायला एकही प्रसंग नाही.

बार्नी परत का जातो, याचं उत्तर मिकी रुर्क देतो. टूल गिटार रंगवत बसलेला आहे आणि बोस्नियातली आठवण सांगतो: पुलावर उभी असलेली एक बाई, तिला वाचवता आलं असतं, तरी तो पाठ फिरवून निघून गेला. कॅमेरा चेहऱ्यावर स्थिर, तुकडे जवळपास नाहीत. अख्ख्या चित्रपटातला सर्वांत परिणामकारक क्षण असा एकही फटका न मारता येतो. रुर्कला स्थिर कॅमेरा मिळाला, जेट लीला मिळाला नाही.

ब्रूस विलिस आणि अर्नोल्ड श्वार्त्सनेगर चर्चमधल्या एका प्रसंगापुरते येतात. तिघांना एकत्र पाहण्याचं सुख आहे, पण कथेला त्याची गरज फारशी नाही.

पाहायचा असेल तर सुमारे दहा मिनिटांनी लांब असलेली दिग्दर्शकीय आवृत्ती निवडावी. मारामारीतला गोंधळ तिथेही आहे, पण माणसांना थोडी जास्त जागा मिळते. पडदा शक्य तेवढा मोठा असावा आणि खोलीत अंधार हवा, कारण शेवटची लढाई मोबाइलवर अजिबात कळत नाही. २०१२ सालचा दुसरा भाग सायमन वेस्टने दिग्दर्शित केला आहे आणि मारामारी त्यात जास्त सुटसुटीत दिसते, फक्त जेट ली सुरुवातीलाच पॅराशूटने निघून जातो. २०१४चा तिसरा भाग किशोरवयीन मुलांनाही चालेल अशा प्रमाणपत्रासाठी सौम्य केला गेला, तो सोडला तरी चालेल. पहिल्या भागातला धक्का, टूलचा चेहरा आणि सीझरची बंदूक, एवढ्यासाठी १०३ मिनिटं द्यायला हरकत नाही.