गेटवे ते मांडवा: जायरोस्कोप बसवलेल्या बोटीचा अनुभव

पावसाळ्यासाठी फेऱ्या बंद होण्याआधी, मेअखेरीस, आम्ही हेलकावे कमी करणारे जायरोस्कोप यंत्र बसवलेली ही खासगी बोट भाड्याने घेतली. आईला बोट लागते, म्हणून नेहमीच्या लाँचपेक्षा बरेच जास्त भाडे आनंदाने मोजले.

खरी परीक्षा मांडव्याजवळ नांगर टाकल्यावर झाली. आमच्या विनंतीवरून सारंगाने पाच मिनिटे यंत्राची चौकट ब्रेक लावून अडवली, तेव्हा कपातला चहा बशीत सांडू लागला. ब्रेक काढताच दोन-तीन हेलकाव्यांत तो स्थिरावला. निर्वात पेटीत मिनिटाला हजारो फेरे घेणारे जड चाक बोटीबरोबर कलू लागले की त्याची चौकट पुढे-मागे झुकते आणि त्यातून उलट दिशेचा जोर निर्माण होऊन बोट सावरते. हेलकावे रोखणाऱ्या तळाच्या पंखांना लागतो तसा बोटीचा वेग त्याला लागत नाही, हे मला विशेष मोलाचे वाटले. १९३२ मध्ये सेवेत आलेल्या ‘कॉन्ते दी सावोइया’ या इटालियन प्रवासी जहाजावर अशी तीन अजस्र यंत्रे होती. आता ते तंत्र लहान बोटीत मावते.

नाकासमोरून येणाऱ्या लाटांचे धक्के मात्र कमी झाले नाहीत. शिवाय चाकाला वेग घेण्यास पाऊण तास लागतो, हे आरक्षणाच्या वेळी सांगायला हवे होते. आम्ही धक्क्यावर उन्हात ताटकळलो. परतताना आई डेकवर बसून निवांत जेवली.