वसईच्या जुन्या चर्चेसचा हेरिटेज वॉक केला, घ्यावा का? माझं मत

ज्यांना नुसतं उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते, पाचपैकी साडेतीन. किल्ल्याचा भाग झकास, नंतरचा किल्ल्याबाहेरच्या चर्चेसचा भाग उरकलेला, आणि गंमत म्हणजे खरा माल त्या नंतरच्या भागातच होता. गाइडचं नाव टाकत नाहीये कारण एकट्या माणसाचं छोटं काम आहे, माणूस तयारीचा आहे आणि सुधारेल असं वाटतं. माणशी पाचशे रुपये, सकाळी सातला किल्ल्याच्या दारात हजर राहायचं, जेवण-चहा आपापला.

सुरुवात छान केली त्याने. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांना लिहून दिली इथपासून, आणि मग ख्रिस्ती संन्याशांचे वेगवेगळे संघ, आधी फ्रान्सिस्कन आले, पाठोपाठ जेझुइट, मग डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, प्रत्येकाचं वेगळं चर्च, वेगळा मठ आणि आपापसात रुसवेफुगवे. संत फ्रान्सिस झेवियर स्वतः इथे येऊन गेलेले. एवढ्याशा किल्ल्यात इतकी चर्चेस कशाला हा प्रश्न मला लहानपणापासून होता, तर त्याचं उत्तर त्याने एका वाक्यात दिलं की ताई, ही सगळी लोकांसाठीची चर्चेस नव्हतीच, बरीचशी मठवाल्यांची होती, गावचं म्हणावं असं मुख्य चर्च म्हणजे ते उंच मनोऱ्याचं सेंट जोसेफ. त्याला पोर्तुगीज मात्रीझ म्हणायचे. आज सगळे सर्रास कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं चर्च, म्हणतात पण तेव्हा इथे बिशपच नव्हता, सगळा कारभार गोव्याकडून. तिथला शिलालेख त्याने दाखवला, १६०१ साली गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या काळात हे चर्च नव्याने बांधलं असा त्याचा मतलब. अक्षरं बऱ्यापैकी शाबूत आहेत, बोट फिरवलं तर खाचा लागतात. (बोट फिरवू नका, पुरातत्त्व खात्याचा माणूस ओरडतो, बरोबरच आहे त्याचं.)

मला सगळ्यात आवडलं ते फ्रान्सिस्कनांचं सेंट अँथनी. छप्पर कधीच गेलंय, आणि जमीन म्हणजे थडग्यांचे दगडच दगड, एकाला एक लागून, कुणावर घराण्याचं चिन्ह कोरलेलं, कुणावर नुसती नावं. तुम्ही त्यांच्यावरूनच चालता, दुसरी वाटच नाही. एका दगडावर पाऊस साचून शेवाळ धरलंय आणि त्यातून ढालीचा आकार तेवढा दिसतो. आम्ही तिथे उभे असताना शेजारी प्रीवेडिंगचं शूट चाललेलं, नवरीमुलीच्या कपड्यांचा घोळ सावरायला दोघीजणी आणि धुराचा डबा पेटवणारा एक पोरगा, आमचा गाइड बिचारा आवाज चढवून चढवून बोलत होता. छोटा स्पीकर ठेवा हो सोबत, हात जोडून विनंती. मागच्या माणसांना निम्मं कळलं नाही.

धर्मांतराच्या विषयाला त्याने बगल दिली नाही, हे मला फार बरं वाटलं. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या लेण्याचं फ्रान्सिस्कन आन्तोनियो द पोर्तोने चर्च केलं हे सांगितलं, देवळं पाडली हे सांगितलं, आणि तरी आजच्या वसईकर ख्रिस्ती माणसाला त्या हिशेबात धरायचं नसतं हेही न चिडता सांगितलं. ग्रुपमधले एक काका वाद घालायच्या मूडमध्ये होते, त्यांना त्याने गोन्सालो गार्सियाकडे वळवलं. वसईतच जन्मलेला, जेझुइटांकडे शिकलेला, पुढे फ्रान्सिस्कन होऊन जपानला गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये संतपद, भारतात जन्मलेला पहिला संत. काका गप्प झाले, निदान चहापर्यंत.

१७३९ ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तो भाग मात्र त्याने फारच शाळेच्या धड्यासारखा उरकला. चिमाजीअप्पा, सुरुंग, मे महिन्यात शरणागती, हत्तीवरून घंटा, टाळ्या. वसईहून नेलेल्या घंटांपैकी वाईजवळच्या मेणवलीची घंटा सांगितली, १७०७ ची, मेरी आणि बाळ येशूची आकृती असलेली. पण मी नाशिकची, आमच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची घंटा त्याच्या यादीतच नव्हती! अहो, आमच्याकडे मोठ्या आवाजाच्या बाईला नारोशंकराची घंटा म्हणतात, मला स्वतःला आईने शंभरदा म्हटलंय, आणि ती वसईच्या चर्चची असं आम्ही लहानपणापासून ऐकतोय. मी सांगितलं तर त्याने लगेच मोबाईलमध्ये लिहून घेतलं, हा गुण चांगला.

आता तक्रार. जाहिरातीत लिहिलंय किल्ला आणि परिसरातील जुनी चर्चेस. प्रत्यक्षात किल्ल्यात तीन तास आणि बाहेर टेम्पो ट्रॅव्हलरमधून जेमतेम तासभर, त्यातही गाडीतूनच चर्चेसकडे बोट दाखवून हे बघा पापडी, हे बघा रमेदी. असं कसं चालेल? मला जे ऐकायचं होतं ते हेच की किल्ला पडल्यावर या लोकांचं काय झालं. युरोपियन मिशनरी निघून गेले, शरणागतीच्या तहात ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मोकळीक ठेवली होती, आणि मग गोव्याकडच्या आपल्याच धर्मगुरूंनी ही धर्मग्रामं, म्हणजे एकेका चर्चखालची गावं, चालवली. मिशनऱ्यांनी सुरू केलेली चर्चेस मिशनऱ्यांशिवाय टिकली, ती कुणी आणि कशी टिकवली, यावर तर अख्खा वॉक होईल. १८८६ ला दमणचं वेगळं धर्मप्रांत (म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश), १९२८ ला ते मोडलं, मग मुंबईखाली, आणि १९९८ ला शेवटी वसईला स्वतःचं धर्मप्रांत, म्हणजे इथल्या भूमीवर बिशप बसायला साडेचारशेच्या वर वर्षं लागली. हे सगळं मला गाडीत त्याच्या शेजारी बसून विचारून विचारून काढावं लागलं, मागच्या सीटवाल्यांना काहीच मिळालं नाही.

पापडीला मी हट्टाने उतरायला लावलं. अवर लेडी ऑफ ग्रेस, हेच आता कॅथेड्रल. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, नुकतीच संपलेली, सगळी मराठीत, बाहेर अंगणात लुगड्यातल्या दोन आज्या कादोडीत, म्हणजे इथल्या बोलीत, कुणाच्या तरी लग्नावरून तावातावाने बोलत होत्या, अर्धं कळलं, अर्धं नाही, पण मुलीकडचे चुकले असा एकूण सूर होता. किल्ल्यात दगड बघून आल्यावर हे बघायला मिळालं म्हणून पैसे वसूल वाटले. नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ चं, तिथे तर गेलोच नाही, वेळ संपला म्हणे. गासला गोन्सालो गार्सियाच्याच नावाचं चर्च आहे, तेही राहिलं. किल्ल्यातला अर्धा तास कापा, ते मनोऱ्यासमोरचं फोटो सेशन बंद करा, आणि या दोन ठिकाणी न्या, मी पाचपैकी पाच देईन.

जाणाऱ्यांसाठी: रविवार पकडा पण मिस्साच्या वेळेत कॅमेरा घेऊन आत घुसू नका, मागच्या बाकावर गप्प बसलात तर कुणी उठवत नाही. बूट घाला, चप्पल नको, गवतात काय काय असतं. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर हिरवं छान दिसतं पण थडग्यांचे दगड निसरडे होतात. किल्ल्यात बायकांसाठी स्वच्छतागृहाचे हाल आहेत, वसई रोड स्टेशनलाच आटपून घ्या. गाइडला आधीच फोन करून सांगा की आम्हाला गाडीतून उतरायचंय, आणि येताना सुकेळी (वाळवलेली केळी) मिळाली तर घ्या, आमच्या गाडीत घासाघीस करणाऱ्यांना शेवटी काहीच मिळालं नाही.