ऊसतोडीला जाताना लेकरू सोबत न्यावं, आजीकडे ठेवावं की वसतिगृहात?

टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, अजून घेतली नसेल तर हे आत्ताच वाचा. घेतली असेल तरी वाचा, फक्त मग हातात पर्याय थोडे कमी उरतात.

बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातून दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरून माणसं ऊस तोडायला सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे जातात. काही टोळ्या थेट बेळगाव-बागलकोट गाठतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून मार्च-एप्रिल येईपर्यंत, कुणी परतत नाही. शाळेचं वर्ष कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत किमान २०० दिवसांचं आणि सहावी ते आठवीला २२० दिवसांचं असतं. त्यातले निम्म्याहून जास्त दिवस याच काळात पडतात. जून ते दिवाळी शाळेत आलेलं मूल भागाकारापर्यंत पोचतं आणि एप्रिलमध्ये परत येतं तेव्हा वर्ग अपूर्णांक संपवून बसलेला असतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे दरवर्षी बघते. पालक विचारतात, "मॅडम, शाळा कुठली चांगली?" मी आधी उलट विचारते, लेकरू रात्री कुणाजवळ झोपणार?

सोबत न्यायचं ठरवलं तर कायदा तुमच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो, आणि जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. निघण्याआधी गावच्या मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्या. शाळा सोडल्याचा दाखला मागू नका. हमी पत्रकावर तिथल्या शाळेत बसता येतं आणि नाव गावच्या पटावर राहतं. ते पत्रक आधार कार्डाच्या झेरॉक्ससोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत तळाशी ठेवा, कोपी, म्हणजे मुक्कामाची झोपडी, गळते.

पण कागद शाळेच्या दारापर्यंतच नेतो. पुढचं तुमची टोळी कुठली यावर ठरतं. बैलगाडीची, म्हणजे टायरगाडीची टोळी बहुतेक कारखान्याच्या जवळच एका जागी मुक्कामाला असते. तिथे शाळा लागली की हंगामभर तीच राहू शकते. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीचं तसं नाही. फड, म्हणजे तोडणीचं शेत, बदलला की कोप्या मोडायच्या आणि पुढच्या गावाला जायचं. नवी शाळा, नवे गुरुजी, पुन्हा पहिल्या बाकापासून ओळख. सीमेपलीकडे गेलात तर बेळगावच्या बाजूला काही मराठी सरकारी शाळा आहेत, त्यापुढे मात्र सगळं कन्नड. म्हणून टायरगाडी असेल आणि शाळा चालत जाण्यासारखी असेल, तर नेण्याचा विचार करता येईल. ट्रॅक्टरवर असाल तर शाळेच्या भरवशावर नेऊ नका.

आणि घरची खरी अडचण वेगळीच असते. पहाटे अंधारात दोघं कोयता घेऊन फडात जातात. झोळीत सात-आठ महिन्यांचं बाळ असतं. मग चौथीतली थोरली कोपीत थांबते, पाणी भरते, भाकरी थापते, बाळ रडलं की झोळीला झोका देते. तिची शाळा दहा मिनिटांच्या अंतरावर असली तरी ती पोचत नाही. ट्रक रात्री भरायला आला की मायबाप पुन्हा बाहेर, आणि पोरं उघड्या कोपीत एकटी. तुम्ही म्हणाल, मग बाळाला कोण बघणार? बरोबर आहे, पण मग थोरलीला शाळेसाठी नेतोय असं स्वतःला सांगू नका. बाळासाठी नेताय हे मान्य केलं तर दुसरी सोय शोधता येते. मुक्कामाजवळ अंगणवाडी आहे का, टोळीतली कुणी म्हातारी सगळ्यांची लेकरं सांभाळील का, हे तरी विचारता येतं.

गावात आजीकडे ठेवणं बहुतेकांना पटतं, आणि चौथीपर्यंत मलाही तेच पटतं. शाळा तीच, मैत्रिणी त्याच, दुपारी खिचडी. त्याच्या जोडीला हंगामी वसतिगृह असतं. स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी गावच्या शाळेतच शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं. नावाला वसतिगृह, पण बऱ्याच गावांत मुलं जेवून झोपायला आजीकडेच जातात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. वावगं आहे ते हे की कधी कधी गाड्या निघून जातात आणि वसतिगृह नंतर सुरू होतं. तेवढे दिवस पुरेल एवढं ज्वारी-डाळीचं घरात ठेवून जा. सर्वेक्षण होतं तेव्हा मुलाचं नाव यादीत गेलं की नाही हे स्वतः बघा.

फक्त आजी कोण आहे ते नीट बघा. दिसतं का, चालता येतं का, ताप आला तर दवाखान्यात कोण नेईल? सहावीतला पोरगा तिला जुमानेल का? हे "होईल काहीतरी" म्हणून सोडायचे प्रश्न नाहीत.

पाचवीनंतर मी वसतिगृहाकडे झुकते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० जागा, असं तिचं स्वरूप. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा, आणि दिवाळीत नको, शाळा सुरू होतानाच करा. जागा मोजक्या असतात. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, पुनर्परीक्षेतही नापास झालं तर मूल त्याच वर्गात बसतं. ही दोन वर्षं तरी लेकराला फडात नेऊ नका.

मुलींचं थोडं वेगळं बोलते. बारा-तेरा वर्षांची मुलगी कोपीत सुरक्षित वाटत नाही, आजीकडे ठेवायलाही जीव होत नाही, म्हणून तोडीला जायच्या आधी लग्न उरकून टाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २२ टक्क्यांच्या आसपास होत्या, बीड जिल्ह्यात ४३ टक्क्यांहून जास्त. सहावीपासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात राहून शिकता येतं. तिथे जागा मिळाली तर दुसरा विचार करू नका. जेवणाच्या तक्रारी ऐकू येतील, घरची आठवण येऊन ती रडेलही. तरी ठेवा.

मुलाचं दुखणं निराळं. आठवीतला पोरगा मोळ्या बांधायला हाताशी आला की तोडलेल्या उसाचे टन वाढतात, आणि मुकादमही "याला आणा की" म्हणतो. चौदाच्या आतल्या मुलाला असं कामाला लावणं गुन्हा आहे, हे मुकादमाला ठाऊक असतं.

तर उचल घेतानाच मुकादमाला विचारा: कारखाना कुठला, मुक्काम कोणत्या गावाला, हंगामात तो किती वेळा हलणार, शाळा किती लांब. उत्तर गुळमुळीत आलं, तर लेकरू मागे ठेवायच्या तयारीला लागा.