बेघरांचे हॉस्पिस : विश्वस्त व्हावे की रुग्णांजवळ बसावे?

निवृत्तीनंतर किंवा नोकरी सांभाळून एखाद्या हॉस्पिसला, म्हणजे मरणासन्न रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेला, वेळ द्यावा, असे मनात आणणाऱ्या माणसापुढे सहसा दोन प्रस्ताव येतात. बँकेत, हिशेबात किंवा वकिलीत हयात गेली असेल, तर ‘आमच्या विश्वस्त मंडळावर या’ असा आग्रह होतो. नाहीतर आठवड्यातून एखादा दिवस रुग्णांजवळ बसाल का, असे विचारले जाते. दोन्ही कामे बिनपगारी असली, तरी त्यांची जातकुळी वेगळी आहे, आणि रुग्ण बेघर असतील तेव्हा हा फरक अधिकच ठळक होतो.

इतर हॉस्पिसमध्ये रुग्णाची मुलगी किंवा भाऊ रोज येतो, औषध वेळेवर मिळाले का ते विचारतो, अंथरूण ओले दिसले तर आवाज चढवतो. बेघरांच्या दाखल नोंदवहीत ‘नातेवाईक’ हा रकाना बहुतेक वेळा कोराच असतो. फार तर तिथे रुग्णाला घेऊन आलेल्या पोलीस हवालदाराचे नाव असते. तक्रार करायला बाहेरचे कोणीच नसल्यामुळे ते काम मंडळाकडे येते. कोलकात्याच्या कालीघाटला मदर तेरेसा यांनी 1952 मध्ये सुरू केलेल्या ‘निर्मल हृदय’विषयी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे तत्कालीन संपादक रॉबिन फॉक्स यांनी 1994 मध्ये लिहिले, तेव्हा त्यांचा एक आक्षेप तिथे प्रभावी वेदनाशामके नसण्यावर होता. सेवाभाव भरपूर असतानाही वेदना तशीच राहू शकते, आणि त्याचा जाब विचारणे हे उशाशी बसलेल्या स्वयंसेवकाच्या हाती नसते. भारतात अमली पदार्थविषयक कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक मिळवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पण मान्यता घ्यायची, प्रशिक्षित डॉक्टर नेमायचा आणि साठ्याची नोंद चोख ठेवायची, हा ठराव मंडळालाच करावा लागतो.

रुग्णांजवळच्या कामाला ठराव लागत नाही. ओठ सुकले की ओल्या कापसाने तोंड पुसायचे, चमच्याने पाणी द्यायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून परिचारिकेला कूस बदलायला हात लावायचा, आणि बराच वेळ काहीच न करता नुसते बसायचे. हे शिकायला थोडे दिवस पुरतात, निभावायला मात्र मन लागते. ज्याच्याशी गेल्या आठवड्यात गावाकडच्या गप्पा झाल्या, त्याची खाट या आठवड्यात रिकामी दिसते. याचा त्रास फार होऊ लागला, तर स्वयंसेवक समन्वयकाला सांगून थांबता येते. त्यासाठी कोणत्याही कार्यालयात जावे लागत नाही.

विश्वस्ताचे तसे नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेल्या संस्थेत विश्वस्त बदलला की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो; तिथल्या आवारात याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. तो मंजूर होऊन परिशिष्ट एकवर, म्हणजे संस्थेच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, नोंद होईपर्यंत राजीनामा दिलेल्याचे नाव दप्तरी तसेच राहते, आणि हे अर्ज रेंगाळतात हे त्या आवारात वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. संस्था कंपनी कायदा, 2013 च्या कलम 8 खालची, म्हणजे ना-नफा कंपनी असेल, तर संचालकाचा राजीनामा कंपनीला सूचना मिळाल्यापासून, किंवा सूचनेत नंतरची तारीख असेल तर त्या तारखेपासून, लागू होतो. सुटका हा एकच निकष धरला, तर कंपनीचे संचालकपद सोयीचे ठरते. मात्र आपल्या पदाच्या काळात झालेल्या गोष्टींची जबाबदारी दोन्हीकडे मागे उरते.

वेळेच्या हिशेबात मंडळ हलके वाटते, पण ते फसवे आहे. सभा दोन-तीन महिन्यांनी असते, पण ताळेबंद वाचणे, हिशेब तपासनीसाच्या शेऱ्यांना उत्तर देणे आणि देणगी कोणत्या अटीवर आली ते पाहणे ही कामे सभेबाहेरच होतात. विदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेत तर त्या देणग्यांविषयीच्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्क्यांवर आली आहे, आणि व्यवस्थापकाचा पगार त्यात बसवताना मंडळाची चांगलीच दमछाक होते. त्यातच बेवारस मृतदेहाचा प्रश्न येतो. पोलिसांना कळवायचे, किती थांबायचे, अंत्यसंस्कार कोणत्या रीतीने करायचे, याचे धोरण आधी लिहून ठेवलेले नसेल, तर रात्रपाळीच्या परिचारिकेवर तो निर्णय पडतो. रुग्णाने आपला धर्म, गाव किंवा खरे नाव ज्याला सांगितलेले असते, तो बहुधा जवळ बसणारा स्वयंसेवक असतो. ते ऐकलेले कागदावर पोहोचेल अशी सोय मंडळाने करायची असते.

दोन्ही भूमिका एकाच वेळी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विश्वस्त खाटेजवळ बसला की कर्मचारी सावध होतात, आणि त्यालाही एका रुग्णाची ओढ लागून सगळ्यांचा विचार करणे जड जाते. ज्याला माणसांशी बोलण्याची ओढ आहे, त्याने मानाच्या खुर्चीसाठी मंडळावर जाऊ नये. तो तिथे कंटाळेल आणि सह्या न वाचता करील. ज्याला हिशेब कळतो आणि ओळखीच्या माणसालाही अडचणीचा प्रश्न विचारता येतो, त्याने मात्र मंडळ नाकारू नये, कारण अशी माणसे रुग्णसेवकांपेक्षा दुर्मीळ आहेत. शक्य असेल तर आधी काही महिने वॉर्डात काढावेत, मग ते काम सोडून मंडळावर जावे.

होकार देण्यापूर्वी मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, सभांची इतिवृत्ते आणि शेवटचा बदल अर्ज पाहायला मागावा. हे कागद दाखवायला टाळाटाळ झाली, तर मंडळाला नकार द्यावा आणि वॉर्डातले काम खुशाल स्वीकारावे.