नखांची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून: मास्क घ्यावा की मशीन?

पिठाच्या गिरणीवाल्याच्या पांढऱ्या भुवया आपण सगळ्यांनी पाहिल्यात. पिठाच्या धुळीने दमा लागतो, हेही गिरणीशेजारी वाढलेल्यांना ठाऊक असतं. आम्हा नेल करणाऱ्यांच्या, म्हणजे पार्लरमध्ये कृत्रिम नखं बसवणाऱ्यांच्या, भुवया पांढऱ्या होत नाहीत, एवढाच फरक. काळ्या टी-शर्टवर, फोनच्या काचेवर आणि रात्री नाक शिंकरल्यावर रुमालावर जे दिसतं, ती आमची गिरणी.

मी पुण्यात नऊ वर्षं हे काम करतेय. नवीन मुली एकच प्रश्न विचारतात: "ताई, धुळीसाठी मास्क पुरेल, की ते धूळ ओढायचं मशीन, डस्ट कलेक्टर, घेऊ?" दोन्ही घ्या म्हणणं सोपं आहे. पण पैसे एकदम नसतात, म्हणून आधी काय आणि मग काय, ते लिहितेय.

टेबलावर साचलेला ढीग बघून आपण घाबरतो. खरं तर जी धूळ खाली पडली, ती नाकात गेलीच नाही. त्रास देते ती न दिसणारी. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. 10 मायक्रॉनहून बारीक कण घशाच्या खाली उतरतात आणि 4 मायक्रॉनच्या आतले पार फुप्फुसाच्या टोकाला जातात. नख घासायचं विजेवरचं यंत्र, म्हणजे ई-फाइल, मिनिटाला 20-30 हजार फेरे मारते, तेव्हा असे कण भरपूर उडतात आणि पंख्याच्या वाऱ्यावर बराच वेळ तरंगत राहतात.

त्या धुळीत अॅक्रिलिक किंवा जेल, म्हणजे मेथाक्रिलेटच्या कुळातली रसायनं असतात. नीट क्युअर, म्हणजे पक्का, झालेला थर बराच निरुपद्रवी. लॅम्पखाली अर्धवट राहिलेला कच्चा थर घासला तर तो खरा वैरी, कारण अॅलर्जी त्या कच्च्या मालाची होते. आधी मनगटाला खाज, मग पापण्यांवर पुरळ, आणि काहींच्या छातीत घरघर. एकदा ही अॅलर्जी बसली की आयुष्यभर पाठ सोडत नाही. दाताच्या फिलिंगमध्येही याच कुळातली रसायनं असतात, त्यामुळे दातांच्या डॉक्टरांनाही सांगावं लागतं. ओळखायची खूण साधी आहे: सोमवारी सुटी असते तेव्हा छाती मोकळी वाटते आणि मंगळवारी संध्याकाळी पुन्हा भरते. असं होत असेल तर खरेदी नंतर, आधी छातीचे डॉक्टर. आणि "पार्लरमध्ये काम करते" एवढंच सांगू नका. काय घासता, दिवसाला किती वेळ घासता, तेही सांगा.

सर्जिकल मास्क की एन-95?

हा सामना फार चालत नाही. निळा सर्जिकल मास्क आपल्या तोंडातली थुंकी समोरच्यावर उडू नये म्हणून असतो. गालाशी त्याला फट असते, आणि हवा नेहमी सोप्या वाटेने, म्हणजे त्या फटीतून आत येते. कापडी मास्क तर त्याहून गेलेला. तीन वर्षं मी हेच लावून बसायचे आणि स्वतःला सुरक्षित समजायचे.

एन-95 म्हणजे 0.3 मायक्रॉनच्या कणांपैकी किमान 95 टक्के अडवणारा. युरोपच्या मोजमापात एफएफपी2 त्याच्या जवळचा, 94 टक्के. आपल्याकडे आयएस 9473 या मानकात एफएफपी1, 2, 3 असे वर्ग आहेत. एफएफपी1 सोडून द्या, तो 80 टक्क्यांवरच थांबतो. पाकिटावर मानकाचा क्रमांक आणि वर्ग छापलेला नसेल, तर दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका.

आकड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बसतो कसा. कोविडनंतर आपल्याकडे कानात अडकवायचे एन-95 भरपूर आले. तेच कागद, तीच चाळणी, पण कानाचा इलास्टिक चेहऱ्यावर पुरेसा दाब देत नाही. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतील तोच घ्या. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा आणि जोरात श्वास सोडा. चष्म्यावर वाफ आली, की नाकाशी फट आहे. फाउंडेशनचा जाड थर असेल तर मास्क घसरतो, हेही अनुभवाने सांगते. नाकातल्या चमकीने काही बिघडत नाही.

मास्क धुवायचा नाही. त्यावर सॅनिटायझर तर अजिबात मारायचा नाही. आत जो स्थिर विजेचा भार असतो तोच बारीक कण पकडतो, आणि स्पिरिटने तो जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, काम मात्र करत नाही. घामाने ओला झाला, मळला किंवा श्वास ओढायला जड जाऊ लागला की फेकायचा. एक्स्टेंशनच्या एका सेटच्या पैशात डबाभर मास्क येतात, इथे काटकसर नको.

मग रबराचा हाफ मास्क कोणासाठी?

रंगारी लावतात तसा, दोन बाजूंना डबे असलेला. चेहऱ्यावर घट्ट बसतो, वर्षानुवर्षं टिकतो, फक्त फिल्टर बदलायचे. पी100 फिल्टर लावला तर 99.97 टक्के. सोबत सेंद्रिय वाफेचा कार्ट्रिज (कोळसा भरलेला डबा) जोडला तर अॅक्रिलिकच्या लिक्विडचा वासही अडतो, जो एन-95 अजिबात अडवत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण "मास्क लावलाय, मग वास का येतो" असं बऱ्याच जणी विचारतात. एन-95 ही चाळणी आहे, वाफ चाळणीतून जाणारच.

पण दोन अडचणी आहेत. एक, क्लायंटशी बोलता येत नाही, आणि आमच्या धंद्यात निम्मं काम गप्पांचं. लग्नाआधीच्या नवरीसमोर गॅस मास्क लावून बसलात तर ती नक्की विचारणार, "मलाही द्या ना एक?" प्रश्न बरोबर आहे म्हणा. दुसरी अडचण अॅसिटोनची, म्हणजे जुना थर भिजवून काढायच्या द्रवाची. त्याचा उत्कलनबिंदू फक्त 56 अंश, त्यामुळे कोळशात तो फार वेळ थांबत नाही आणि साधा कार्ट्रिज लवकर हार मानतो. अॅक्रिलिकच्या लिक्विडमधलं ईएमए (एथिल मेथाक्रिलेट) 117 अंशांच्या आसपास उकळतं, ते बरंच चांगलं अडकतं. कार्ट्रिज रात्रभर टेबलावर उघडा ठेवला तर तो खोलीतली वाफ शोषत बसतो. हवाबंद डब्यात ठेवायचा.

दिवसभर अॅक्रिलिकच करणारीला किंवा ज्यांना आधीच त्रास सुरू झालाय त्यांना मी हा सुचवेन. जेलवाल्यांना डोक्यामागच्या पट्ट्यांचा एन-95 पुरेसा आहे.

आता मशीन, आणि इथेच सगळे फसतात

सगळ्यात खपणारं मशीन म्हणजे हाताखाली ठेवायचा तो चपटा पंखा, मागे कापडी पिशवी लावलेला. मीही पहिल्यांदा तोच घेतला. आवाज मिक्सरसारखा. दोन महिन्यांनी लक्षात आलं की माझ्या मांडीवर पूर्वीपेक्षा जास्त धूळ पडतेय. मोठे कण पिशवीत अडकत होते आणि बारीक कण कापडातून गाळून, जोर लावून, माझ्याच पोटाकडे परत येत होते. चाळणीचं पीठ खाली पडतं तसं. न घेणं परवडलं असतं.

त्याच्यावरच्या पायरीला घडीचा फिल्टर असलेलं मशीन येतं. त्यात हेपा फिल्टर असेल (0.3 मायक्रॉनला 99.97 टक्के) आणि कडेने हवा निसटणार नाही असं रबर असेल, तर ते खरंच काम करतं. खोक्यावर मात्र वॅट लिहिलेले असतात: 60 वॅट, 80 वॅट. वॅटवरून वीज किती खातं ते कळतं, हवा किती ओढतं ते नाही. सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) किंवा ताशी घनमीटर विचारा. उत्तर मिळत नसेल तर तेच उत्तर समजा.

ओढीचा एक नियम मला कोणी आधी सांगितला असता तर पैसे वाचले असते. फुंकलेली हवा लांब जाते, पण ओढलेली हवा जवळूनच येते. तोंडाने फुंकर मारून मेणबत्ती हातभर अंतरावरून विझते, श्वास आत ओढून विझवून दाखवा. पाइपाच्या तोंडापासून त्याच्या एका व्यासाएवढं लांब गेलात, की ओढ तोंडाशी असते त्याच्या दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे चार इंचाचा पाइप हातापासून चार इंचांवर असेल तर नव्वद टक्के जोर गेलाच. महागडं मशीन टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही. स्वस्त मशीनही बोटांना चिकटून असेल तर काहीतरी करतं.

पारख करायला अगरबत्ती पुरते. सकाळी, अॅसिटोनच्या बाटल्या उघडायच्या आधी (हे विसरू नका, अॅसिटोन पेट घेतं), मशीन सुरू करा आणि काम करताना बोट जिथे असतं तिथे अगरबत्ती धरा. धूर वळून आत गेला तर मशीन चांगलं. सरळ वर, तुमच्या नाकाकडे गेला तर परत करा. ऑनलाइन घेतलं असेल तर परतीची मुदत संपायच्या आत ही पारख करा.

तिसरी पायरी म्हणजे हवा ओढून पाइपाने बाहेर सोडणं. स्वयंपाकघरातली चिमणी आठवा. पाइपवाली चिमणी फोडणीचा धूर घराबाहेर टाकते, बिनपाइपाची तीच हवा कोळशातून गाळून घरातच सोडते, आणि कोळसा बदलला नाही की भजी तळल्याचं तीन मजल्यांना कळतं. इथेही तेच. बाहेर जाणारी हवा धूळही नेते आणि वासही. फिल्टर संपला का, कोळसा भरला का, ही काळजीच उरत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 2016 मध्ये नेल सलूनसाठी जे नियम आणले त्यांत हेच आहे: प्रत्येक टेबलाला मिनिटाला 50 घनफूट हवा ओढून बाहेर सोडायची, आणि ओढणारं तोंड कामाच्या जागेपासून 12 इंचांच्या आत. हिशोब आपल्या गाळ्याला लावून पाहिला. 10 बाय 12 चा, 10 फूट उंच गाळा म्हणजे 1200 घनफूट. एका टेबलाच्या पंख्याने 24 मिनिटांत गाळ्याएवढी हवा बाहेर गेली. एसीचं बिल थोडं वाढेल, आणि दाराखालून बाहेरची हवा आत यायला फट ठेवावी लागेल, नाहीतर पंखा नुसताच घुरघुरेल.

एसीचं निघालं म्हणून सांगते. स्प्लिट एसी नवी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, धुळीसकट. कोपऱ्यात ठेवलेला एअर प्युरिफायर संध्याकाळी खोली स्वच्छ करेल, पण क्लायंटचा हात आणि तुमचं नाक यांच्यात फूटभराचं अंतर आहे. धूळ प्युरिफायरपर्यंत पोचायच्या आत तुमच्यापर्यंत पोचते. पैसे उरले तर घ्या.

अॅसिटोनने काढायचं की घासून?

रिमूव्हल, म्हणजे जुना थर काढणं, घासून केलं तर धूळ, फॉइलमध्ये भिजवून केलं तर वाफ. मी मधला रस्ता धरते. वरचा टॉप कोट तेवढा घासायचा आणि बाकीचं भिजवायचं. नाहीतर बेस शाबूत ठेवून रिफिल करायचं, दर वेळी नखापर्यंत खरवडायचं नाही. याने धूळ जितकी कमी झाली तितकी कुठल्याच मशीनने झाली नाही, आणि क्लायंटची नखंही पातळ होत नाहीत. फुंकर मारून नख साफ करायची सवय मात्र मोडा. टॉवेल झटकू नका, टेबल ओल्या फडक्याने पुसा. आणि मशीनची पिशवी रिकामी करताना एन-95 लावा, कारण दिवसभरात सगळ्यात दाट धूळ त्या दोन मिनिटांत उडते.

तर कोणी काय घ्यावं?

होम सर्व्हिस करत असाल तर पाइप-बिइप विसरा. पट्ट्यांचा एन-95, खिडकीजवळची जागा, आणि जमलं तर छोटं हेपावालं मशीन. कापडी पिशवीवाल्यात पैसे घालू नका, त्यापेक्षा तेवढ्याचे मास्क घ्या.

स्वतःचा गाळा असेल आणि भिंत किंवा खिडकी बाहेर उघडत असेल, तर मशीनसाठी ठेवलेले पैसे सरळ पाइप आणि डक्टच्या पंख्यावर घाला. सोसायटीची परवानगी आधी घ्या, आणि पाइपाचं तोंड कोणाच्या खिडकीसमोर येणार नाही ते बघा. पाइप बसेपर्यंत एन-95, आणि बसल्यावरही जड रिमूव्हलच्या वेळी एन-95.

चार-पाच मुली कामाला असतील तर मास्कवर भागवणं मला पटत नाही. मास्क लावणारीच्या शिस्तीवर चालतो. एप्रिलच्या दुपारी चौथ्या क्लायंटला तो हनुवटीवर उतरतोच, ओरडून काही होत नाही. मास्क एकीला वाचवतो. ओढणारा पंखा शेजारचीला, क्लायंटला आणि तिने आणलेल्या बाळालाही वाचवतो. आणि कामगारांच्या आरोग्याची आणि खेळत्या हवेची जबाबदारी मालकावर आहे, मुलींवर नाही.

माझ्या गाळ्यात खिडकीची वरची एक काच काढून तिथे प्लायवूड बसवलं आणि त्यातून चार इंची अॅल्युमिनियमचा पाइप काढला. पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेरचं तोंड खाली वळवलं. पहिल्याच महिन्यात कबुतराने आत काड्या आणून ठेवल्या आणि अगरबत्तीचा धूर पुन्हा माझ्या नाकाकडे यायला लागला. आता तोंडाला जाळी आहे, आणि दर पंधरा दिवसांनी ती काढून झाडते. बाहेर जाऊन, मास्क लावून.