कार्ड, क्यूआर की रोख: लहान रेस्टॉरंटने बिल आणि टिप कशी घ्यावी

नवे रेस्टॉरंट काढणारे बहुतेक जण कार्ड मशीन घ्यावे की नुसता क्यूआर ठेवावा, हा प्रश्न बँकेच्या शुल्कावरून सोडवतात. ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या 14 टेबलांच्या रेस्टॉरंटचा गल्ला मी 9 वर्षे सांभाळत आहे. शुल्काचा हिशेब तासाभरात मांडून होतो, टिपचा मात्र नीट विचार करावा लागतो, असे माझे मत या काळात झाले आहे. कारण बिलाचे पैसे कोणत्या वाटेने येतात, यावरच वेटरच्या हाती टिप किती आणि कधी पडते हे ठरते.

आधी शुल्क पाहू. बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारांवर आणि रूपे डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला शुल्क लागत नाही. इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने 2018 पासून कमाल दर ठरवून दिला आहे: वार्षिक उलाढाल 20 लाखांपर्यंत असल्यास मशीनवर 0.40 टक्के, त्याहून अधिक असल्यास 0.90 टक्के. 20 लाख म्हणजे दिवसाला साडेपाच हजारांच्या आतला गल्ला, त्यामुळे टेबलांवर जेवण वाढणारे ठाण्यातील बहुतेक रेस्टॉरंट दुसऱ्या गटात जाईल. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. दर 2 टक्के धरला, तर 3,000 रुपयांच्या बिलावर 60 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी मिळून 70 रुपये 80 पैसे जातात. बिल 2,000 रुपयांच्या आत असेल तर शुल्कावरचा जीएसटी लागत नाही. मशीनचे मासिक भाडे वेगळे. डेबिट कार्डाचे शुल्क ग्राहकाच्या बिलात चढवता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

एवढ्यावरून क्यूआर स्वस्त ठरतो आणि तो ठेवायलाच हवा. मात्र त्याने टिप आटते. बिल 847 रुपये असेल, तर रोखीने देणारा पाचशेच्या दोन नोटा ठेवतो, सुटे परत येतात, आणि बडीशेपेच्या वाटीशेजारी फोल्डरमध्ये पन्नासाची एक नोट आणि तीन रुपयांची नाणी राहतात. तोच ग्राहक क्यूआर स्कॅन करतो तेव्हा बरोबर 847 रुपये भरतो, साउंडबॉक्स रक्कम बोलून दाखवतो आणि मंडळी उठतात. टिप द्यायची नाही असे त्याच्या मनात नसते. सुट्ट्या पैशांबरोबर ती आठवणच गेलेली असते. काही ठिकाणी वेटर स्वतःच्या मोबाइलवरचा क्यूआर पुढे करतात. मला ही पद्धत चुकीची वाटते, कारण त्यात आचाऱ्याला आणि मोरीवर भांडी घासणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि बिलाची रक्कमही चुकून खासगी खात्यात जाऊ शकते. त्यापेक्षा रेस्टॉरंटच्या चालू खात्यावरच दुसरा क्यूआर घ्यावा, त्यावर ‘कर्मचाऱ्यांसाठी टिप’ असे ठळक लिहून तो फोल्डरच्या आत चिकटवावा आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवावा.

कार्डावरच्या टिपची अडचण निराळी आहे. अमेरिकेत स्लिपवर टिपचा आकडा मागाहून लिहिता येतो. आपल्याकडे ग्राहकाने पिन टाकण्यापूर्वीच एकूण रक्कम ठरलेली असावी लागते. 5,000 रुपयांपर्यंत पिनशिवाय नुसते कार्ड टेकवले तरी रक्कम आधीच भरलेली असते. म्हणून टिपची रक्कम आधी विचारणारी सोय मशीनवर सुरू करून घ्यावी आणि मशीन ग्राहकाच्या हाती द्यावे. वेटरने तोंडाने विचारले की दोघांनाही अवघडल्यासारखे होते. ही टिप आधी मालकाच्या खात्यात येते, पण ती मालकाची नसते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आयटीसीच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले: कार्डावरून आलेली टिप हॉटेलचा मालक कर्मचाऱ्यांच्या वतीने सांभाळतो, ती पगार ठरत नाही आणि मालकाला त्यावर पगाराप्रमाणे कर कापावा लागत नाही. 100 रुपयांच्या टिपवर बँक दोन रुपये घेत असेल, तर ते मालकाने सोसावेत.

बिलात सेवाशुल्क लावून हा प्रश्न मिटवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये आपोआप सेवाशुल्क आकारण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती उचलून धरली.

कार्ड मशीन घ्यायचे की नाही, हे जागेवर अवलंबून आहे. ठाणे स्टेशनजवळ नाश्ता आणि थाळी देणाऱ्याला दोन क्यूआर आणि सुट्ट्यांची पेटी पुरेल. ऐरोलीत कंपन्यांच्या मेजवान्या होणार असतील, किंवा घोडबंदर रोडला कुटुंबे तीन-चार हजारांचे बिल करत असतील, तर मशीन नाकारणे म्हणजे ग्राहक नाकारणे होय. तरीही मशीनवर सर्वस्वी विसंबू नये. एका शनिवारी रात्री पिन टाकल्यानंतर आमच्या मशीनचे नेटवर्क गेले. ग्राहकाला पैसे वळते झाल्याचा संदेश आला, आमच्याकडे स्लिप निघाली नाही, आणि आजी-आजोबांसह आलेले ते कुटुंब वीस मिनिटे काउंटरपाशी उभे राहिले. अशा व्यवहाराचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत व्हावेत आणि त्यानंतर दररोज 100 रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. तो मला तेव्हा ठाऊक असता, तर त्यांना धीर देता आला असता. आता तो काउंटरच्या आतल्या बाजूला लिहून लावला आहे.

टिपची वही आम्ही रोज रात्री गल्ला मोजताना भरतो: रोख, क्यूआर आणि कार्ड असे तीन रकाने. बँकेचे पैसे दुसऱ्या दिवशी जमा होणार असले, तरी तेवढी रक्कम गल्ल्यातून त्याच रात्री वाटली जाते. निम्मी त्या टेबलाच्या वेटरला, निम्मी आचारी, मदतनीस आणि मोरीवरच्या माणसांना. प्रत्येक जण आपल्या नावापुढे सही करतो. महिन्याच्या शेवटी एकदम वाटण्याची पद्धत आम्ही पहिले वर्षभर चालवून पाहिली होती. तेव्हा मध्येच नोकरी सोडून गावी गेलेल्या दोन मुलांचे पैसे आमच्याकडेच राहिले आणि ते पोहोचवायला पुढे चार महिने लागले.