सेवाग्राम आश्रम (वर्धा): घर घेणाऱ्यांनी, घर सजवणाऱ्यांनी आधी इथे जाऊन यावं

रेटिंग पाचपैकी पाच. तिकीट वगैरे काही नाही, चपला बाहेर काढायच्या आणि आत जायचं.

थोर माणसांकडून काय शिकावं यावर हल्ली पैसे भरून वर्कशॉप असतात, मी एक ऑनलाइन केलंय, तीन तास स्लाइड्स दाखवल्या आणि हाती काहीच लागलं नाही. सेवाग्राममध्ये कोणी भाषण देत नाही. गांधीजी 1936 ते 1946 जिथे राहिले ती घरं बघायची, बस. पण डोळे उघडे ठेवून बघा, कारण इथली प्रत्येक वस्तू कोणीतरी विचार करून ठेवलीये.

आमच्या फ्लॅटचं इंटिरियर ठरत होतं तेव्हाच जाणं झालं, त्यामुळे मी सगळं त्याच नजरेने बघत होते. बापू कुटी ही मुळात गांधीजींची इंग्लिश शिष्या मीराबेनची झोपडी, माती, बांबू, वर कवेलू म्हणजे कौलं, जमीन शेणाने सारवलेली, साहित्य सगळं आसपासचं. भिंतीवर मीराबेनने मातीतच ताडाची झाडं आणि ओम उठवलाय, म्हणजे साधं म्हणजे ओकंबोकं असं नाही हं. बसायला चटई, समोर बुटकं डेस्क, लागणारं सगळं हात लांब केला की मिळेल असं. देशोदेशीची माणसं इथेच खाली बसून बोलून गेली. व्हाइसरॉयशी बोलायला फोन बसवला होता तोपण आवारात आहे, म्हणजे गरजेची टेक्नॉलॉजी त्यांनी नाकारली नाही, नुसती शोभेची वस्तू मात्र एक सापडत नाही. मी परत येऊन आमच्या इंटिरियरवाल्याला हॉलमधलं शोकेस आणि फॉल्स सीलिंग दोन्ही कॅन्सल करायला सांगितलं.

न्हाणीघर नक्की बघा, लोक बाहेरूनच डोकावून पुढे जातात. बाकी घरात एवढी काटकसर आणि इथे जागा ऐसपैस, कारण स्वच्छता त्यांच्यासाठी बाकी कुठल्याही कामाइतकीच मोठी होती. आपण बरोबर उलटं करतो, हॉलवर लाखो आणि बाथरूम कोंदट. आणि तो साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पेटी! शेतातली जागा, साप निघणारच, मग मारायचा नाही तर पकडून लांब सोडायचा, त्यासाठी अवजार आधीच करून ठेवलेलं. माझ्या मते अहिंसा म्हणजे काय हे लहान मुलांना समजावायला यापेक्षा चांगली वस्तू नाही, तत्त्व पाळायचं तर त्याची तयारीपण करावी लागते.

रागाबद्दलची पाटी वाचा. अमेरिकन पत्रकार लुई फिशर 1942 च्या जूनमध्ये आठवडाभर इथे राहिला होता, त्यानेही ती लिहून ठेवलीये. आशय असा की आपलं बरोबर असेल तर शांत राहणं परवडतं आणि चुकत असेल तर चिडणं परवडत नाही. ऑफिसमध्ये ईमेलला उत्तर देण्याआधी मला हे खरंच आठवतं आणि उपयोगी पडतं.

सगळ्यात जास्त वेळ मी परचुरे शास्त्रींच्या कुटीपाशी थांबले. संस्कृतचे विद्वान, कुष्ठरोग झालेला, त्या काळात अशा माणसाला लोक गावात ठेवायचे नाहीत. त्यांना आश्रमात जागा दिली आणि गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धुवायचे, मालिश करायचे, तेही देशाचं राजकारण दारात येऊन बसलेलं असताना. घरात आजारी माणूस असलेल्या कोणीही इथे पाच मिनिटं उभं राहावं, वेळ नाही हे आपण किती पटकन म्हणतो ते कळतं.

पण सगळंच डोळे झाकून घेण्यासारखं आहे असं मला वाटत नाही. सुरुवातीला आदी निवासात, म्हणजे आश्रमातल्या पहिल्या घरात, सगळे एकत्र, पाहुणे, कार्यकर्ते, सतत माणसं, आणि त्यात बांना, म्हणजे कस्तुरबांना, स्वतःचा असा कोपराच नव्हता. शेवटी वर्ध्याचे उद्योगपती आणि गांधीजींचे सहकारी जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी वेगळी बा कुटी बांधून दिली. साधेपणा घरातल्या बाईच्या वाट्याला कसा येतो हे आधी बघायला हवं, हे मी बा कुटीत शिकले, आणि मला ते बापू कुटीतल्या कुठल्याही गोष्टीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता कामाचं. नागपूरहून साधारण 75 किलोमीटर, रेल्वेने वर्धा किंवा सेवाग्राम स्टेशनला उतरून ऑटो मिळतो. एका टूरवाल्याने आम्हाला अर्ध्या तासात बसमध्ये परत बोलावलं होतं, असल्या पॅकेजने जाऊ नका, निदान अर्धा दिवस काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, मे महिन्यात वर्ध्याचं ऊन बाहेरच्यांना झेपत नाही, जरी कुटीत गेलं की मातीच्या भिंतींमुळे बराच फरक जाणवतो. राहायला समोर यात्री निवास आहे, सोयी साध्या. संध्याकाळची प्रार्थना चुकवू नका, त्यासाठी थांबायचं म्हणून राहा. दुसऱ्या दिवशी विनोबा भावेंचा पवनारचा आश्रम करता येतो, धाम नदीकाठी आहे, जवळच.